सावकाराची वही आणि कुळाची निशाणी

पुणे शहराच्या जुन्या पेठांतून वाडे उतरविण्याचे काम गेली कित्येक वर्षे सपाट्याने चालू आहे. वाडा उतरला म्हणजे त्याचे सागवान विकले जाते, घडीव दगड विकला जातो, पितळी कड्या-कोयंडे जुन्या बाजारात जातात. या सर्वांस गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक नाही ते माळ्यावरच्या कागदांस. ते पोत्यांत भरून रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. ज्या वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या सावकारीची पेढी चालली, तेथील हे कागद म्हणजे रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या, गहाणखते आणि गावोगावच्या गुमास्त्यांची पत्रे होत. या कागदांविषयी आज आम्हांस वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमचा वाचक लागलीच विचारील की, हा काय उफराटा प्रकार! शेतकऱ्या-कारागिरांच्या पत्राने सावकाराच्या वह्यांची काळजी का वाहावी? ज्या वह्यांनी आमच्या आज्या-पणज्यांच्या जमिनी गिळल्या, त्या वाळवीने खाल्ल्या तर आमचे काय गेले? हा प्रश्न रास्त आहे. त्यास उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून आधी आमच्या डोळ्यांसमोर जे घडले ते सांगतो.

आम्ही मुळशी तालुक्यातील एका गावी शाळामास्तर आहो. आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा पुण्यात गवंड्यांच्या टोळीत काम करितो. वाडा उतरविण्याच्या एका कामावर माळ्यावरचे रुमाल निघाले. घरच्या मंडळींनी ते मुकादमास देऊन टाकिले व मुकादमाने ते वजनावर विकावयास काढिले. मुलाने त्यांतील एक वही मागून घेतली, कारण तिच्या एका पानावर नांगराचे चित्र काढलेले त्यास दिसले. "गुरुजी, हे काय लिहिले आहे, वाचून सांगा," म्हणून ती वही घेऊन तो रविवारी आमच्या ओटीवर आला. आम्हांस मोडी येते, पण अडखळत येते. दोन तास डोके घातले तेव्हा उलगडा झाला. एका कुणब्याने खावटीसाठी भात उचलले होते, एक बैल तारण लिहून दिला होता, आणि वर्षअखेरची बाकी कबूल म्हणून नावाखाली नांगराची निशाणी केली होती. नावापुढे गाव लिहिले होते. ते गाव आज जमिनीवर नाही. मुळशीच्या धरणाखाली जी पन्नासाहून अधिक गावे आली, त्यांपैकी ते एक आहे. मुलगा बराच वेळ त्या निशाणीवर बोट ठेवून बसला होता. त्याच्या आजोबांचे मूळ गाव तेच होते. तो निघून गेल्यावर आमच्या मनात आले, उरलेली पोती एव्हाना कोठल्या कारखान्यात लगदा झाली असतील?

वाचकहो, आमच्या कुळांच्या इतिहासाची साधने किती, याचा एकदा हिशेब करा. राजेरजवाड्यांची बखर आहे, सरदारांच्या कैफियती आहेत, देवस्थानांच्या सनदा आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले असंख्य कागद आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक वेचे काढून पंचेचाळीस भाग छापविले. १९१० साली वि. का. राजवाडे व त्यांचे सहकारी यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले आणि घरोघरची दप्तरे गोळा करण्याचा पायंडा पडला. हे सारे मोलाचे काम आहे. परंतु त्या छापील ग्रंथांत लढाया, तह आणि कारभाऱ्यांची राजकारणे जेवढी सापडतात, तेवढा आवणीला बी नसलेला कुणबी सापडत नाही. आऊत मोडले म्हणून सुताराने काय घेतले, विहिरीच्या खोदाईस बेलदारास रोज काय पडला, कोष्ट्याने सूत उधार कोठून आणले, हे त्यांत शोधू गेल्यास फार थोडे हाती लागते.

सावकाराच्या वहीत मात्र हे सर्व आहे. त्याने ते आमच्यावरील प्रेमाने लिहिले नाही. वसुली करावयाची होती म्हणून लिहिले. पण लिहिले खरे! कोणी, कोठल्या गावचा, काय उचलले, कोणत्या तिथीस उचलले, काय तारण ठेविले, जामीन कोण राहिला, भाताची धारण काय होती, फेड रोखीने केली की धान्याने केली, हे रोजच्या रोज नोंदलेले आहे. ज्यांची नावे बखरकारास ठाऊक नव्हती, ती नावे सावकारास तोंडपाठ होती. आणि सही करता न येणाऱ्या माणसाने जी खूण केली तीही तेथेच आहे. कुणब्याचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, महाराचा दोर. या निशाण्या म्हणजे आमच्या घरांची जुनी हस्ताक्षरेच आहेत.

आता १८७५ सालाकडे वळू. कारण वह्यांची गोष्ट निघाली म्हणजे आमच्या वाचकांस तेच साल आठवणार. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाचा भाव चढला होता, तो १८६५ नंतर कोसळला. त्यातच इंदापूर, भीमथडी या भागांत साऱ्याची फेरआकारणी झाली व सारा वाढला. रयत सावकाराच्या दारी गेली आणि तेथेच अडकली. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. शेतात राबणारे राबेनात, न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. म्हणजे तेव्हाही कुणबी व बलुतेदार एकत्र उभे राहिले होते. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या गावी दंगा उसळला व तेथून तो पुणे आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा यांत पसरला. त्या दंग्याचा विशेष असा की, लोकांस सावकाराचा जीव नको होता. त्यांस खते व हुकूमनामे हवे होते. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले, तेथे बहुधा पुढे काही झाले नाही. कागद मिळाले, त्यांची होळी झाली, लोक घरी गेले.

आमच्या पूर्वजांनी हे वेडाने केले असे कोणी म्हणेल तर आम्ही ते ऐकून घेणार नाही. त्या काळी कोर्टास खत तेवढे दिसत होते. खताखाली निशाणी आहे ना? मग हुकूमनामा घ्या! १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतास तीन वर्षांची मुदत घातली. सरकारचा हेतू कुळास वाचविण्याचा होता म्हणतात, पण झाले उलटेच. मुदत भरत आली की सावकार जुने खत फाडी व मुद्दल अधिक व्याज मिळून नवे खत लिहून घेई. हा हिशेब आमच्या चौथीच्या मुलांसही कळेल. शंभर रुपये दरमहा दरशेकडा दोन रुपयांनी काढिले. तीन वर्षांचे व्याज बहात्तर, म्हणून नवे खत एकशे बहात्तरांचे झाले. आणखी तीन वर्षांनी ते जवळजवळ दोनशे शहाण्णवांचे झाले. नऊ वर्षे भरली तेव्हा पाचशे नऊ झाले. मध्यंतरी कुळाच्या हाती नवा छदामही आलेला नाही. व्याज मुदलाहून अधिक चढू नये असा दामदुपटीचा जुना नेम होता. पण व्याजच मुद्दल होऊन बसले, तर तो नेम कोणाचे रक्षण करणार? अशा कागदास आग लावल्यावाचून दुसरा उपाय रयतेस दिसला नाही.

परंतु येथेच एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. खत निराळे आणि वही निराळी. खत हे एका क्षणाचे बोलणे आहे, वही ही साऱ्या व्यवहाराची साक्ष आहे. खत शंभराचे असते. पण आधीच मनोती कापून कुळाच्या हाती पंचाण्णव ठेविले, हे कीर्दीत खर्ची पडलेले असते. खत पाचशे नऊंचे असते, पण त्याच्या मुळाशी शंभरच आहेत, हे मागच्या खतावण्या लावून पाहिल्या की उघडे पडते. दंग्याच्या चौकशीसाठी सरकारने कमिशन नेमले आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याचे मर्म हेच होते. न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबू नये, खताच्या पाठीमागे जावे, व्यवहार आरंभापासून तपासावा, आणि कुळास पावती व हिशेब मागण्याचा हक्क असावा. म्हणजे जी वही आजवर सावकाराची साक्षीदार होती, ती आता कुळासही साक्षीस बोलाविता येऊ लागली. त्या कायद्याने सारे दुःख गेले असे मुळीच नाही. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा शेतकऱ्याची स्थिती काय होती ती त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली होती. परंतु हिशेब मागितला पाहिजे, हा धडा तेव्हापासून आपणांस मिळाला आहे. ज्याला हिशेब मागावयाचा आहे, त्याने वही नष्ट होऊ देता कामा नये.

सावकाराच्या पेढीचा पसारा किती लांबवर जात असे, हेही समजून घेतले पाहिजे. पेशवाईत बारामतीकर जोशी, दीक्षित पटवर्धन यांसारखी घराणी नामांकित सावकार म्हणून गाजली. थोरल्या बाजीरावांस मोहिमांपायी कर्ज इतके झाले होते की, धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांतून ते सावकारांच्या तगाद्याचे रडगाणे गातात. हा पैसा कोठून फिटत असे? मामलेदाराने सरकारास रसद म्हणून आगाऊ रक्कम भरावयाची, ती त्याने सावकाराकडून उचलावयाची, आणि मग सावकार व मामलेदार या दोघांचेही पोट भरेल इतके रयतेकडून वसूल करावयाचे, अशी ती साखळी होती. उत्तरेकडील मोहिमेचा खर्च आणि मावळातील खळ्यावरचे भात यांचा सांधा जुळलेला पाहावयाचा असेल, तर तो पेढीच्या वहीतच दिसेल. एका पानावर हुंडी आहे, दुसऱ्यावर हुंडणावळ आहे, तिसऱ्यावर अंकुशी व चांदवडी रुपयांचा बट्टा आहे, आणि चौथ्यावर एखाद्या पाटलाच्या नावे लिहिलेली साऱ्याची उचल आहे. चार पाने जोडून वाचली म्हणजे राज्य कोणाच्या खांद्यावर उभे होते ते कळते. म्हणून विद्वानांस या वह्या हव्या असतात, आणि म्हणूनच त्या आम्हांसही हव्या आहेत.

आमच्या मुळशीपुरते बोलावयाचे तर या वह्यांवाचून आमचा इतिहास अर्धाच राहील. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि १९२४ पर्यंत तो चालला. टाटा कंपनीच्या वीजधरणाविरुद्ध मावळ्यांनी लढा दिला. पांडुरंग महादेव बापट त्यात पडले व सेनापती झाले. इतके आमच्या शाळेतील मुले सांगतात. पण धरणाखाली जाणाऱ्या भातखाचरांपैकी पुष्कळशी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्या नावावर चढलेली होती, हे किती जणांस ठाऊक आहे? जमीन कसणाऱ्यास खाचर हवे होते. ज्यास ते खाचर नुसते तारण होते, त्यास मोबदल्याचा चांगला आकडा पुरेसा होता. एकाच जमिनीत दोघांचे हित होते, पण ते हित एक नव्हते. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा सावकार व मावळा यांच्या हिताचा विरोध त्यांनी स्पष्ट दाखविला आहे. त्यांस सरकारी दप्तर, वर्तमानपत्रे व पुढाऱ्यांचे लेख मिळाले. पण त्या खोऱ्यातील प्रत्येक खाचर कोणत्या साली, किती मण भातापायी, कोणाच्या वहीत गेले, ही हकीकत गावाच्या तपशिलाने सांगावयाची तर पेढ्यांच्या खतावण्याच हव्यात. नाही तर 'मावळ्यांनी जमीन विकली' एवढेच एक वाक्य मागे राहील, आणि ती का गेली हे कोणी विचारणार नाही.

दुष्काळांचीही गोष्ट तीच. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९७ चा पुण्याचा प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, यांचे सरकारी अहवाल आहेत. अहवालात मेलेल्यांचा आकडा असतो. जगलेल्यांनी कोणती भांडी, कोणत्या पाटल्या, कोणते बैल तारण ठेवून ते वर्ष काढिले, हे सावकाराच्या वहीवाचून कोण सांगेल? कोणत्या वर्षी पाऊस लांबला, हे आंबेमोहराच्या उधारीवरून व दरावरून ओळखता येते. गावोगावच्या बायांनी नवऱ्यामागे कर्ज फेडून जमीन सोडविली असेल, तर त्यांची नावे सातबारावर कदाचित् नसतील, पण वहीत जमेच्या बाजूस सापडण्याचा संभव आहे.

इतर देशांत काय झाले तेही पाहा. इटलीत फ्लॉरेन्सजवळ प्रातो नावाचे शहर आहे. तेथील फ्रांचेस्को दातिनी नावाचा व्यापारी-सावकार १४१० साली वारला. त्याने आपली मालमत्ता गरिबांच्या धर्मादायास दिली आणि आपले कागद जपून ठेवण्याची ताकीद दिली. ते कागद त्याच्याच घरात अडगळीत पडून राहिले व १८७० साली हाती लागले. सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या! आज साऱ्या जगाचे अभ्यासक त्या वाचतात आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या लोकर विणणाऱ्याची मजुरी काय होती ते सांगतात. इतके लांब तरी का जावे? बडोद्यास गायकवाड सरकारास पैसा पुरविणाऱ्या हरिभक्ती घराण्याचे कागद तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या इतिहास विभागात जतन झाले आहेत. त्यांच्या आधाराने अभ्यासकांनी पेढीचा कारभार व राज्याचा खजिना यांचा संबंध उलगडला. बडोद्यास जे जमले ते पुण्यास जमू नये असे काय आहे?

आता या कामातील अडचणींविषयी स्पष्ट बोलू.

पहिली अडचण सावकारांच्या वारसांची आहे. त्यांस वाटते, वह्या बाहेर गेल्या तर आजोबांच्या व्याजाचा बोभाटा होईल, जुने दावे उकरले जातील. त्यांस आमचे सांगणे असे की, आजच्या नातवास आजोबाच्या व्याजाचा जाब विचारणे न्यायाचे नाही, आणि तो आम्ही विचारीत नाही. त्या खतांच्या मुदती केव्हाच संपल्या. १९३९ साली शेतकरी कर्जनिवारणाचा नवा कायदा आला, १९४६ साली सावकारी नियंत्रणाचा कायदा झाला व २०१४ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १९४८ च्या कुळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कूळ आणि मालक यांचे नातेच बदलून गेले. त्या वहीवरून आज कोणाची जमीन जप्त होत नाही. ती आता निव्वळ इतिहासाचा कागद झाली आहे. वारसांनी ती मनात किंतु न ठेविता द्यावी. मात्र देताना चाळून, अडचणीची पाने काढून देऊ नये. जे फाडले जाईल तेच नेमके होते, असा संशय पुढच्या पिढीस येईल, आणि तो संशय खऱ्या मजकुराहून अधिक बदनामी करील.

दुसरी अडचण आमच्याच लोकांची आहे. आमच्या आजोबांची कर्जे चारचौघांत कशाला, अशी शरम काहींस वाटते. आम्ही विचारतो, कसली शरम? पाऊस गेला म्हणून ज्याने मुलांसाठी भात उचलले, त्याने कोणता गुन्हा केला? रात्रंदिवस राबून, नऊ वर्षे शंभराचे पाचशे होताना पाहूनही ज्याने निशाणी नाकारली नाही, त्याच्या सचोटीचे हे कागद आहेत. शरम वाटावयाची असेल तर त्या व्याजास वाटू द्या.

तिसरी अडचण जतन करणाऱ्या संस्थांची व विद्वानांची आहे. कागद कपाटात गेला म्हणजे तो वाचला, असे समजण्याची चूक पुष्कळदा होते. जेथे यादी नाही तेथे कागद असून नसल्यासारखा. आणि ओळखपत्र, शिफारसपत्र यांवाचून आत पाऊल टाकता येत नसेल, तर माळ्यावरचे कुलूप जाऊन संस्थेचे कुलूप आले एवढाच फरक. विद्वानांनी यावे, ग्रंथ लिहावेत, आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्या गावाचे नाव वहीत आहे त्या गावच्या माणसास ते पान पाहण्याचा विद्वानाइतकाच हक्क असला पाहिजे.

चौथी अडचण मोडीची आहे. शाळांतून मोडी गेली ती १९५० च्या सुमारास. आमच्या आजोबांच्या पिढीस सराव होता, वडिलांच्या पिढीस ओळख होती, आमच्या पिढीस ते भुताचे अक्षर झाले. त्याचा परिणाम काय होतो, हे २०२३ साली सर्वांनी पाहिले. कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि जुनी दप्तरे उघडताच मोडी वाचणाऱ्या माणसांची शोधाशोध सुरू झाली. त्या प्रश्नाच्या वादात आज आम्ही शिरत नाही. एवढेच म्हणतो की, आपल्या आजोबाचे नाव वाचून दाखविण्यास परका माणूस शोधावा लागणे ही काही बरी स्थिती नव्हे. मोडी हे काही मोठे दिव्य नाही. देवनागरी येणाऱ्या मुलास दोन-तीन महिने रोज अर्धा तास बसविले तर छापील वळणाची मोडी लागू लागते. हाताच्या वळणास मात्र सराव लागतो. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग चालविते. आमच्या तालुक्यांतील तरुणांनी, आणि तरुणींनी, त्यांचा लाभ घ्यावा.

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. वाडा उतरविण्याचे काम करणाऱ्या गवंडी, सुतार व मजूर बांधवांनी, माळ्यावर वा भिंतीच्या फडताळात कागद निघाले तर ते रद्दीत जाण्याआधी मालकास दोन शब्द सांगावेत. तुमच्याच हातांत ते प्रथम येतात, हे विसरू नका. कागदांचे रुमाल सोडून पाने वेगळी करू नयेत. ज्या क्रमाने बांधले आहेत तो क्रमच अर्धा मजकूर सांगतो. कीर्द, खतावणी आणि पत्रे ही एकमेकांची साक्ष पटवितात, म्हणून एक ठेवून दुसरी टाकू नये. ओलीपासून व वाळवीपासून दूर, कोरड्या जागी, स्वच्छ सुती फडक्यात ठेवावीत. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. वारसांनी ही दप्तरे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा सरकारी पुराभिलेखागार यांसारख्या जाणत्या ठिकाणी द्यावीत, आणि देताना लेखी अट घालावी की, दप्तर सर्वांस खुले राहील व त्यातील काही गाळले जाणार नाही. संस्थांनी प्रत्येक दप्तराची गाववार यादी देवनागरीत करावी. त्या यादीची एक प्रत त्या त्या गावच्या शाळेत यावी. आज यंत्राने पानाचे चित्र घेणे सोपे झाले आहे, तेव्हा पानांच्या चित्रांची प्रतही गावास देणे अवघड नाही.

शेवटी एक गोष्ट. त्या वहीचा कागद हाताने केलेला होता. जुन्नरच्या कागद्यांनी असाच कागद पिढ्यान् पिढ्या केला. वहीवरचे फडके कोणा कोष्ट्याने विणलेले होते, ज्या पेटीत ती राहिली ती कोणा सुताराने जोडली, आणि तिच्यात जमा झालेले भात कोणा कुणब्याने पिकविले. फक्त लेखणी तेवढी दुसऱ्याच्या हाती होती. ती लेखणी आता आमच्या मुलांच्या हाती आली आहे. तेव्हा आपल्या कष्टाचा हिशेब ज्या वहीत लिहिला गेला, ती वही रद्दीच्या काट्यावर जाताना आम्ही स्वस्थ बसणार काय? तो मुलगा हल्ली दर रविवारी आमच्या ओटीवर मोडी शिकावयास येतो. त्याच्यासोबत आणखी चौघे येऊ लागले आहेत. प्रत्येक गावच्या शाळामास्तराने अशी पाच मुले जमविली, तरी या कामाचा आरंभ झाला असे आम्ही समजू.